दीड फेरा

१

"जातं हे जडशीळ, एकली कशी ओढू
हाताला हात दे गं, जिवाला जीव जोडू"

हरणाबाईचा हा आवाज उमाशंकर गुरुजींनी पहिल्यांदा ऐकला तो भिंतीपलीकडून. लोहाऱ्याच्या शाळेत ते नवे होते, आणि बायकांच्या ओव्या वहीत उतरवून घ्यायचा त्यांना नाद होता. पहाटे तो आवाज यायचा. दुधाची धार रिकाम्या भांड्यात पडावी तसा. आधी खणखणीत, मग भरत भरत मऊ होत जाणारा.

बाईला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तोच आवाज कुठकुठली पोरं कानाला हेडफोन लावून ऐकत होती आणि भीतीनं खुर्चीवरून उडत होती.

बुधवारी दुपारी हरणाबाईची धाकटी, दीपमाला, गुरुजींच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. चोवीस वर्षांची पोर, पण डोळ्यांखाली चाळिशीची सावली.

"गुरुजी, आईचं कार्ड गेलं."

"कुठं गेलं?"

"कुणीतरी नेलं. घरातल्याच माणसानं."

कार्ड म्हणजे बोटाच्या नखाएवढा तुकडा, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातला. ते यंत्र गुरुजींचंच होतं. दीपमालाच्या थोरल्या भावाच्या, इंद्रजितच्या लग्नाची हळद दळायची होती. आदल्या संध्याकाळी गुरुजींनी यंत्र हरणाबाईच्या कोनाड्यात ठेवलं आणि सांगितलं, "वहिनी, दळायला बसलात की हे लाल बटण दाबा." पाच सवाष्णी दिवस वर आल्यावर येणार होत्या. बाई मात्र तांबडं फुटायच्या आधीच जात्यावर बसली, आणि बायका आल्या तेव्हा जात्याशेजारी निपचित पडलेली होती. एकटी. सगळं गाव म्हणालं, मास्तरच्या मशीनपायी लवकर उठली, नाहीतर बायकांत असती. गुरुजींना कुणी तोंडावर बोललं नाही, पण ते वाक्य अकरा वर्षं त्यांच्या ताटात वाढलेलं होतं.

यंत्र पाऊण तास चालू होतं. गुरुजींनी ते कधी ऐकलं नाही. दीपमाला कॉलेजला निघाली तेव्हा कार्ड तिच्या हातावर ठेवून मोकळे झाले.

"मी पण पहिली नऊ मिनिटंच ऐकलीत," दीपमाला म्हणाली. "आवाज थांबतो तिथवर. पुढं हिंमत झाली न्हाय."

"मग आता कशाला पाहिजे?"

तिनं खाली बघितलं. "मी भिंतीपलीकडं झोपले होते, गुरुजी. तेरा वर्षांची घोडी. पुढच्या छत्तीस मिनिटांत तिनं मला हाक मारली का, एवढंच मला कळायला पाहिजे."

२

त्या नऊ मिनिटांतून दीपमालानं एक खेळ केला होता. शेजारच्या जमिलाबीचा मुलगा इरशाद तिच्या जोडीला होता. दोघांनी दोन वर्षं एका लॅपटॉपवर डोळे फोडले आणि 'एकली' नावाचा भयखेळ इंटरनेटवर विकायला ठेवला.

खेळ साधा. अंधारं घर. आतल्या खोलीत कुणीतरी दळतंय. आवाजाच्या मागानं चाचपडत जायचं आणि ओवी थांबायच्या आत जात्याजवळ पोचायचं. पोचता कुणालाच येत नाही. ओवी थांबते, जातं थोडं फिरत राहतं, आणि मग पिठानं माखलेला चेहरा एकदम अंगावर येतो.

दीपमालाच्या घरी गुरुजी पलंगावर बसले. समोर तिची आत्या, मथुराबाई, सुपात ज्वारी निवडत होती. हरणाबाईची नणंद. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. वहिनीच्या मागं हिनंच घर ओढलं. दोन वर्षांमागं भाऊही गेला, तरी तिच्या हातची चूल विझली नव्हती.

"खेळ घेतलेल्यांनी मतं लिहिलीत," दीपमाला म्हणाली. "सहाशेच्या वर. त्या मतांपायीच झालं हे सगळं." ती वाचू लागली. परदेशातल्यांची मराठीत करून सांगत होती.

"'चहा सांडला. आईनं मारलं. पैसे वसूल.'"

गुरुजी हसले. मथुराबाई हसली नाही.

"'कितीही पळा, पोचताच येत नाही. ही कसली फसवणूक? जिंकायची वाट ठेवा.' असली तर दोनशे हायेत. आन् हे बघा. 'हेडफोन लावून खेळा. बाई गाते तेव्हा डाव्या कानात दुसराच कुणीतरी श्वास घेतो. बाईचा श्वास संपला की त्याचा सुरू होतो. मी दिवा लावून झोपलो.'"

"तो श्वास तुम्ही घातलाय?"

"न्हाय. मी म्हणलं इरशादनं घातला, तो म्हणला तू घातला. मग म्हणलं मशीनची खरखर आसंल." तिनं पुढचं उघडलं. "हा नांदेडचा, ध्वनीचं काम करणारा दिसतो. 'बांगड्या फक्त उजव्या कानात वाजतात. डाव्या कानात नुसता श्वास. करणाऱ्यानं अर्ध्या बांगड्या घालायच्या विसरल्या. बाकी ओवी थांबल्यावर जातं बरोबर दीड फेरा फिरतं, ती युक्ती थोर.' ह्यावरनं लोकांत वाद लागला. अख्खं मुद्रण ऐकवा म्हणून मागं लागले. मी कबूल केलं, येत्या रविवारी टाकते म्हणून."

"स्वतः न ऐकता?"

"एकटीला ऐकवलं नसतं. हजार माणसं संगं असती तर ऐकलं असतं."

सुपातली ज्वारी क्षणभर थांबली. मग पुन्हा सळसळली.

कार्ड आईच्या कुंकवाच्या करंड्यातल्या वरच्या कप्प्यात असायचं. करंडा फळीवर जागच्या जागी होता. गुरुजींनी चष्मा वर करून झाकण उजेडात धरलं. कडेला कुंकू पुसटसं लागलेलं होतं, आणि त्या लालीत बोटाचा ठसा नव्हता. विणीची बारीक जाळी उमटली होती.

कार्ड नेणाऱ्यानं करंडा उघडताना मध्ये कापड धरलं होतं.

३

इंद्रजित एसटीत कंडक्टर होता. तुळजापूरची फेरी संपवून तो लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरला, तेव्हा गुरुजी बाकावर वाट बघत होते.

"गुरुजी, मला विचारायचं तर सरळ विचारा. मी म्हणलो होतो, त्या कार्डाचा चुरा करीन. व्हय, म्हणलो होतो. आईचा आवाज काय बाजारातली शिट्टी हाय का, पोरांना भेडवायला?"

"खेळ बघितलास?"

"थुंकलो न्हाय त्याच्याकडं."

गुरुजींनी खिशातून कागद काढला. दीपमालाकडून त्यांनी एक मत उतरवून आणलं होतं. "'वाईट खेळ. कुणी खेळू नका. आई ही भेडवायची वस्तू न्हाय.' एकच चांदणी दिलीय. नाव लिहिलंय, हाफ तिकीट."

इंद्रजितनं तिकिटाची पिशवी मांडीवर ओढली.

"मत लिहिणारा किती वेळ खेळलाय, तेही शेजारी लिहून येतं म्हणे. हा हाफ तिकीटवाला एकसष्ट तास खेळलाय. वाईट खेळ एकसष्ट तास कोण खेळतं रे?"

 समोरून उमरग्याची गाडी निघाली, धुरळा उडाला, त्याचं निमित्त करून इंद्रजितनं डोळे पुसले.

"आठव्या मिनिटाला बंद करतो," तो म्हणाला. "नववं मिनिट लागू देत न्हाय. परत पहिल्यापासून लावतो. बायकूला वाटतं, मी पोरांचा अभ्यास बघायलो."

गुरुजी उठले. आईचा आवाज एकसष्ट तास उशाला घेणारा पोरगा त्या आवाजाचा चुरा करणार नाही, एवढं त्यांना कळलं.

"अजून एक. त्या सकाळी घरात कोण कोण होतं?"

"बाबा आन् मी मांडवाचे वासे आणायला गेलेलो. दीपी झोपलेली. आत्या मागं न्हाणीत होती म्हणती. आन् बांगड्या भरायला जमिलामावशी यायची होती. तीच सगळ्यांच्या आधी आली." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "गुरुजी, आई आन् जमिलामावशी नेहमी एकाच जात्यावर बसायच्या. समोरासमोर."

४

जमिलाबीच्या दारात बांगड्यांच्या माळा उन्हात टांगलेल्या होत्या. नवरा मुनवर आतून चष्मा शोधत होता आणि तो त्याच्याच कपाळावर होता.

"बसा गुरुजी. ह्यांचं असंच. मी पण सापडत न्हाय ह्यांना, घरातच असते तरी," जमिलाबी म्हणाली. पलीकडं इरशाद तार जोडत बसला होता. गुरुजींनी आधी त्याच्याकडं मोर्चा वळवला.

"कार्ड आठवडाभर तुझ्याकडं होतं?"

"होतं. दीपमालाबिगर पुढचं उतरवायचं न्हाय असं ठरलं होतं, म्हणून मागच्या शुक्रवारी परत दिलं. मला दडवायचंच असतं तर 'खराब झालं' म्हणलो असतो, गुरुजी. दीपमालानं मान डोलवली असती. चोरी कशाला करायची?"

खरं होतं. गुरुजींनी त्याच्याकडून हेडफोन घेतला, डोळे मिटले आणि अकरा वर्षांनी तो आवाज पुन्हा कानात शिरू दिला.

"हळद दळीते, पिवळी झाली तळी
बाळा माझ्या नवऱ्या, तुझ्या मांडवी नव्हाळी"

आणि खरंच, डाव्या कानाशी श्वास होता. अगदी बारीक. जात्याच्या अर्ध्या फेऱ्यात हरणाबाई ओढायची, उरलेल्या अर्ध्यात तो श्वास ओढायचा. यंत्राची खरखर अशी पाळीनं येत नाही. मग ओवी थांबली. दगड घरघरला. एक फेरा. आणि अर्धा. मग काहीच नाही.

गुरुजींनी हेडफोन काढला. 

"जमिलाबी, त्या सकाळी तिच्यासमोर तू बसली होतीस का?"

मुनवर चष्मा शोधायचा थांबला.  जमिलाबीनं नुसते दोन्ही हात पुढं केले. मनगटापासून कोपराच्या निम्म्यापर्यंत हिरवा चुडा. हात हलले आणि घर वाजलं.

"बांगड्या भरणाऱ्या बाईचं मनगट कधी नंगं बघितलं का, गुरुजी? मी बसले असते तर हरणाचा आवाज ऐकू तरी आला असता का? आम्ही दोघी दळायला लागलो की हे म्हणायचे, जातं चाललंय का टांगा."

उजव्या कानात बांगड्या. डाव्या कानात नुसता श्वास. नांदेडच्या त्या माणसाला वाटलं होतं, कुणीतरी बांगड्या घालायच्या विसरलं. विसरलं कुणीच नव्हतं. त्या मनगटांवर बांगड्या नव्हत्याच.

"तू आलीस तेव्हा काय बघितलंस?"

"मी मागल्या दारानं आले. मथुराबाई न्हाणीपाशी बसून राखेनं हात घाशीत होत्या. घाशीत होत्या, घाशीत होत्या. मी म्हणलं, बाई, भांडी कुठं हायेत?" जमिलाबीचा आवाज खाली आला. "तेवढ्यात पुढून दीपीची किंकाळी आली. मग ते राहूनच गेलं."

५

गुरुवारी दुपारी गुरुजी दीपमालाच्या अंगणात गेले. अकरा वर्षांपासून कडुलिंबाखाली उभं करून ठेवलेलं जातं त्यांनी दीपमालाच्या मदतीनं खाली मांडलं. खुंटा ठोकला.

"फिरव. पुरा जोर लाव आणि एकदम हात सोड."

दीपमालानं आयुष्यात जात्याला हात लावला नव्हता. तिच्या वयाची पोरं गिरणीवर डबा ठेवून वाढलेली. तिनं दोन्ही हातांनी ओढलं आणि सोडलं. दगड पाव फेरासुद्धा गेला नाही. जागीच बसला.

तिनं पुन्हा सोडून बघितलं. मग पुन्हा.

"मला वाटायचं, चाकासारखं फिरत राहत असंल," ती हळू म्हणाली. "त्या सहाशे जणांना पण तसंच वाटलं."

"सहाशे जणांत दळलेलं कुणी नव्हतं. मी तर ऐकलंच नव्हतं."

"गुरुजी, मग तो दीड फेरा कुणी फिरवला?"

गुरुजींनी पिशवीतून जुनी वही काढली. 'हाताला हात दे गं' ह्या ओळीसमोर त्यांनीच त्या काळी समासात लिहिलं होतं, 'देवीला उद्देशून'. त्यांनी पेन काढून ते खोडलं.

"रिकामं जातं फिरवू नये," मागून आवाज आला.

मथुराबाई दारात उभी होती. ओंजळीत ज्वारी. ती आली, जात्यापाशी बसली आणि जात्याच्या तोंडात मूठभर दाण्यांची वैरण घातली. मग खुंट्याला एक हात लावला. उघडं, हाडकुळं मनगट. दगड निमूट फिरला.

 करंड्याच्या झाकणावरची ती विणीची जाळी गुरुजींच्या डोळ्यांपुढं होती. वहिनीच्या कुंकवाला नुसतं बोट लावायचीही ह्या बाईला अकरा वर्षं भीती होती. चोरी करतानासुद्धा तिनं पदर मध्ये धरला होता.

"मथुराबाई," ते म्हणाले, "हरणाबाई माझ्या यंत्रापायी लवकर उठली असं मी समजत होतो. तसं नव्हतं ना?"

दगड थांबला.

६

"न्हाय," मथुराबाई म्हणाली. "तुमचा दोष न्हाय, गुरुजी. ह्ये मला तवाच सांगायला पायजे व्हतं."

तिनं पदराची गाठ सोडली. आत प्लास्टिकच्या कागदात कार्ड होतं. दीपमालाच्या मांडीवर ठेवलं.

"जाळायला नेलं व्हतं. चुलीम्होरं दोन दिस बसले. हात धजला न्हाय. तिचा आवाज हाय त्यात."

दीपमाला कार्डाकडं न बघता आत्याकडं बघत राहिली.

"इंद्रजितला अंगाखांद्यावर म्या वाढवला. वहिनी म्हणली, वन्सं, पोराच्या हळदीला तुमचा हात लागल्याबिगर मला गोड वाटायचं न्हाय. सवाष्णी यायच्या आत दोघी बसू, कुणाला कळायचं न्हाय. म्या लई न्हाय म्हणलं. तिनं मनगट धरून बसवलं. मशीनचं ते बटण बी तिनंच दाबलं. म्हणली, गुरुजीला काय कळतंय, त्याला नुसतं गाणं ऐकू यील."

गुरुजींनी मान खाली घातली.

"ती गात व्हती, म्या ओढत व्हते. मधीच थांबली. म्या खाली बघून ओढतच राह्यले. वाटलं, वैरण घालायली. गाणारी थांबती, दुसरीनं थांबायचं नसतं. दीड फेरा झाला तवा ध्यानात आलं, दगड हलका लागायलाय. दाणाच न्हाय पडला. मान वर केली तर ती भिंतीला टेकली व्हती."

कडुलिंबाची दोन पानं जात्यावर पडली. कुणी झटकली नाहीत.

"माझ्या मांडीवर गेली. पाणी पाजलं. दोन घोट गेले, तिसरा न्हाय. मग मागल्या आळीला बायकांचा गलबला ऐकू आला. मला वाटलं, आता समदे म्हणतील, रांडमुंड बाईचा हात लग्नाच्या जात्याला लागला आन् सवाशीण गेली. म्या तिला खाली निजवलं आन् पळाले. राखेनं हात घासले. हळद जाती व्हय राखेनं? महिनाभर पदराखाली हात लपवून जेवले."

"आत्या," दीपमालाचा आवाज फुटला. "तिला वरीसभर छातीत दुखत होतं. बाबांनी सोलापूरला न्यायचं ठरवलं होतं, लगीन झाल्यावर. तुमच्या हातानं काय न्हाय झालं."

"तू म्हणतीस. म्या रोज सकाळी उठून माझ्या हाताकडं बघते."

दीपमाला सरकली आणि तिनं ते दोन्ही हात धरले. मग जो प्रश्न तिनं खेळातल्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक बंद दारामागं लपवून ठेवला होता, तो विचारला.

"तिनं मला हाक मारली का?"

मथुराबाई खुंट्याकडं बघत राहिली.  आता सांगायचं राहिलेलं एवढंच होतं, आणि तेच सगळ्यांत जड होतं, कारण ते तिचं नव्हतं, दुसऱ्या कुणासाठी सांभाळलेलं होतं.

"तिनं न्हाय. म्या मारणार व्हते. दीपे म्हणाया तोंड उघडलं व्हतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठिवला, हळदीचा. म्हणली, वन्सं, नका उठवू. झोपू द्या तिला. भिईल ती."